बिशपच्या पायाखालचा ताल

आमच्या घराण्याने हत्यारं सोडून तीन-चार पिढ्या झाल्या होत्या. मी ती पुन्हा धरली ती एका भोपळ्यामुळे.

मिरजेत आम्ही तंबोरे करतो. मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. पुढे तलवारी भिंतीवर गेल्या, संस्थानिकांना गाण्याचा नाद लागला आणि आमच्या पूर्वजांच्या लक्षात आलं की माणसं मारण्यापेक्षा ती गात ठेवण्यात बरकत जास्त आहे. एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात एका मोठ्या गवयाचा तंबोरा आमच्याकडे होत होता. भोपळा खास निवडलेला, दोन वर्षं वाळवलेला. अब्बांनी मला त्याचं तोंड कापायला सांगितलं आणि मी तो वरपासून खालपर्यंत उभा चिरला. अब्बा ओरडले नाहीत. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण त्यांचं म्हणणं मराठीत असं होतं : "तुझा हात लोखंडाचा आहे. लाकडाला तो सोसायचा नाही."

स्टेशनाजवळ भरतीचा तंबू पडलाच होता. तिथल्या हवालदाराने विचारलं, काय काय येतं. मी म्हणालो, कानस, करवत, पटाशी. त्याने "फिटर" असं लिहून घेतलं. भोपळ्याबद्दल त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लष्कराची आणि माझी ओळख अशी परस्परांच्या सोयीने झाली.

शिक्षण, बोट, समुद्र आणि ओकाऱ्या यांत वर्ष गेलं, आणि बेचाळीसच्या पावसाळ्यात, म्हणजे मिरजेत पाऊस पडत असेल त्या दिवसांत, मी इजिप्तच्या, आम्ही म्हणायचो मिसरच्या, वाळवंटात एका दुरुस्तीच्या छावणीत होतो. तिथे मी पहिल्यांदा बिशप पाहिली.

बिशप ही एक स्वयंचलित तोफ होती. म्हणजे ट्रकमागे बांधून ओढायची नाही. रणगाड्याच्या अंगावर बसून स्वतःच्या पट्ट्यांवर चालत जाणारी. जर्मनांकडे असल्या तोफा होत्या, आणि त्या असतात हे इंग्रजांना त्यांचे गोळे अंगावर पडल्यावर कळलं. मग घाई झाली. एक मंदगती पण भरवशाचा रणगाडा त्यांच्याकडे होता. एक चांगली, नावाजलेली मैदानी तोफही होती. दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्या की तिसरी चांगलीच होणार, असा विचार करून कुणीतरी रणगाड्याचा बुरूज काढला, तिथे पोलादाची एक उंच चौकोनी पेटी बसवली आणि त्या पेटीत तोफ कोंबली. मला तर ती पाहून वाटलं, कुणीतरी रणगाड्यावर तिजोरी ठेवून तिला नळ बसवलाय.

पेटी जागची फिरत नसे. नळी डावी-उजवीकडे थोडीशी वळे. त्याहून जास्त वळवायची तर अख्खी गाडी वळवा. आत चार माणसं एकमेकांच्या कोपरांत जगत, आणि दुपारी त्या पेटीत भाकरी भाजली असती. गाडी इतकी उंच की मैलावरून शत्रूने हात केला तरी आपल्याला ओळख द्यावी लागे. पण हे सगळं एकवेळ चाललं असतं. खरी गंमत वेगळीच होती. ही तोफ जमिनीवर उभी असताना चाळीसच्या वर अंश मान वर करायची. पेटीत घातल्यावर ती पंधरा अंशांवर अडायची. मान वर होत नाही म्हटल्यावर गोळा लांब जात नाही. जो गोळा पूर्वी चार कोस पल्याड पडे, तो आता जेमतेम निम्म्यावर पडू लागला. थोडक्यात, तोफेला पाय देताना तिची मान मोडली होती.

बिशप हे नाव त्या उंच पेटीवरून पडलं. ख्रिस्ती धर्मगुरूंतल्या बड्या माणसाची टोपी तशी असते म्हणे. मिरजेत मिशनचा दवाखाना असल्यामुळे पाद्री काय असतो हे मला ठाऊक होतं, पण माझ्या पाहण्यातले पाद्री तरी वर बघू शकत. पुढे अमेरिकेहून जी चांगली तोफ आली तिचं नाव साध्या पुरोहिताचं ठेवलं, आणि तिच्यानंतर आलेलीचं नाव चर्चमधल्या घंटा वाजवणाऱ्याचं. इंग्रजांच्या तोफखान्यात हुद्दा जितका खाली, तितकं काम बरं, असा अनुभव आला.

मान वर होत नसल्यावर उपाय काय, तर गाडीच मागे कलती करायची. मातीचा चढ रचायचा, त्यावर बिशप चढवायची, की तोंड आभाळाकडे. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याची नवी तोफ लढाईला जाण्याआधी मातीच्या ढिगाची वाट पाहत उभी राही. आणि ढीग रचायला मजूर पलटणीतली माणसं लागत. माझा दोस्त मला असा भेटला.

तो पाटणकडचा, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका डोंगरगावचा शेतकरी. भरतीत त्याला "मराठा, लढवय्या" असं कौतुकाने लिहून घेतलं होतं आणि हातात फावडं दिलं होतं. त्याच्या गावी सपाट जमीन म्हणजे देवळाचं अंगण तेवढं. बाकी सगळा उतार. उतारावर दगडाची ताल, म्हणजे आडवी भिंत, घालायची, मागे माती भरायची, तेव्हा कुठे भाताचं खाचर होतं. आमच्या मिरजेत ताल म्हणजे तबलजीचा प्रांत. ही दुसरी ताल मी त्याच्याकडून शिकलो. त्याचा बाप ताल घालण्यात खोऱ्यात नावाजलेला होता आणि हा बापाच्या वरचढ.

पहिल्याच दिवशी त्याने इंग्रज सार्जंटने रचवलेला ढीग पाहिला आणि मला विचारलं, "ह्यो काय उकिरडा हाय का रं?"

मी सांगितलं की यावर सतरा टनांची गाडी चढणार आहे आणि वरून तोफ उडवणार आहे.

"मंग बायकापोरं लांब ऱ्हावा म्हनावं," तो म्हणाला.

त्याने स्वतःच्या हाताने एक चढ बांधला. वाळवंटात दगड शोधायला दोन मैल गेला. पायथ्याला मोठे दगड, प्रत्येक आतल्या अंगाला कलता. फटीत बारीक चीप. पोटात खडी आणि वर वाळू. सार्जंट हसत होता. मग गाडी चढली, बारा गोळे उडाले आणि चढाचा एक दगड हलला नाही. सार्जंट हसायचा थांबला. त्यानंतर दुरुस्त झालेली बिशप तपासायची असली की चढ त्यानेच बांधायचा. इंग्रज गोलंदाज त्याला हाताने खूण करून आपल्या सिगरेटी देत. तो त्या ओढत नसे, मला देई. आमची दोस्ती अशी दोघांच्या फायद्याची होती, निदान माझ्या तरी.

मग एक नवा लेफ्टनंट आला. वयाने आमच्याएवढाच, गोरापान, उन्हाने सोललेला. त्याला भूमितीची आवड होती, आणि भूमितीची आवड असलेल्या माणसाला दगड आवडत नाहीत. त्याने कागदावर चढ काढला. दगडांच्या जागी पेट्रोलचे रिकामे पत्र्याचे डबे वाळू भरून रचायचे, म्हणजे काम लवकर होईल, सगळे चढ सारखे होतील आणि शत्रूचा गोळा पडला तर दगडाच्या कपच्या उडणार नाहीत. कारण अगदीच खुळं नव्हतं, हे मी आजही मानतो. पण ते डबे इतके पातळ होते की त्यांतलं पेट्रोल निम्मं वाटेतच गळून जायचं.

दोस्ताने डब्यांची रांग पाहिली, पायाने एक डबा दाबला आणि मला म्हणाला, "सायबाला सांग, ह्ये पानी धरायचं न्हाई."

मला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. मी "हे टिकायचं नाही" असं सांगायचं सोडून शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, की हा म्हणतो, यात पाणी राहणार नाही.

लेफ्टनंट म्हणाला, "त्याला सांग, वाळवंटात पाणी नसतं."

मी तेही सांगितलं. दोस्त माझ्याकडे बघत राहिला. "तू मधी हायस कशाला मंग?" त्याने विचारलं. या प्रश्नाचं उत्तर मला पुढे चार वर्षं सापडत नव्हतं.

चढ नकाशाप्रमाणे झाला. दिसायला देखणा होता, हे कबूल केलं पाहिजे. बिशप चढली. पट्ट्यांमागे लाकडी पाचर मारायचं काम दोस्ताकडे होतं. पहिला गोळा उडाला, तेव्हा गाडी मागे सरकली आणि डब्यांमधून कण्हल्यासारखा आवाज आला. दुसऱ्याला पाचर निसटली. त्याने हात वर केला. थांबा, अशी खूण. पेटीच्या आतून ती कुणाला दिसणार? तो पाचर पुन्हा बसवायला वाकला आणि तिसरा गोळा उडाला. उजवीकडचे डबे एकदम चपटे झाले, गाडी तिरकी घसरत खाली आली आणि त्याचा उजवा पाय पट्टीखाली गेला.

तो ओरडला नाही. गाडी पुढे घ्यायला मी ड्रायव्हरला पत्र्यावर हातोडा मारून सांगत होतो, तोवर तो वाळूत बसून आपल्या पायाकडे बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्याला दवाखान्याच्या गाडीत घातलं तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाला, "माझा चढ न्हवता ह्यो."

आठवड्याने चौकशी झाली. टेबलावर टाइप केलेला कागद होता. लेफ्टनंटने तो माझ्यापुढे सरकवला. फार सभ्यपणे, बसायला खुर्ची देऊन. माझं इंग्रजी मोडकं होतं, पण कागदावर काय आहे हे समजण्याइतकं नक्की होतं. त्यात लिहिलं होतं की चढ सदर मजुराने स्वतःच्या गावठी पद्धतीने, सूचनेविरुद्ध बांधला होता आणि तो ढासळला. खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती. लेफ्टनंट म्हणाला की मी हुशार आहे आणि नाईकच्या जागेसाठी माझं नाव पुढे केलं आहे.

मी सही केली. इंग्रजीत केली, वळणदार. महिन्याभरात बाहीवर दोन फिती आल्या. या लढाईत मला मिळालेलं हे एकमेव पदक, आणि ते कशासाठी मिळालं हे मी एक-दोनदा सोडलं तर आजवर कुणाच्या विचारण्याशिवाय सांगितलेलं नाही. आता तुम्हीही विचारलेलं नाही, पण वय झालं.

दोस्त दवाखान्याच्या बोटीने हिंदुस्थानात गेला. मी मागे राहून तीन वर्षं पुरोहित आणि घंटावाले दुरुस्त केले. बिशप हळूहळू कमी झाल्या. इटलीपर्यंत रखडल्या आणि मग कुणी त्यांचं नाव काढेना.

पंचेचाळीसच्या अखेरीस मी मिरजेला परतलो. मला वाटलं होतं, हारतुरे नाहीत तरी दोन माणसं स्टेशनवर येतील. पण मिरजेला लागूनच्या सातारा जिल्ह्यात त्या काळात इंग्रजांचं राज्य कागदावर आणि भूमिगतांचं गावात, अशी वाटणी झाली होती. इंग्रजांसाठी लढून आलेल्या माणसाकडे लोक पाहत ते सावकाराच्या कारकुनाकडे पाहावं तसं. अब्बांनी मला मिठी मारली, फिती बघितल्या आणि विचारलं, "भोपळा कापायला शिकलास का?" मी नाही म्हणालो. "मग कानस घे," ते म्हणाले, आणि मी खुंट्या घासायला बसलो.

शेहेचाळीसच्या सुरुवातीला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या मामलेदारांचा शिपाई आला. गावाचं नाव घेत नाही. तिथे अजून आमची गिऱ्हाइकं आहेत. वरून हुकूम आला होता की विजयाचा सोहळा करावा. मामलेदारांनी मिरवणूक ठरवली होती आणि तिच्यात नव्या जमान्याची चालती तोफ असावी अशी त्यांची कल्पना होती. खरी मिळणार नव्हती, म्हणून लाकडाची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मिरजेत एक माणूस आहे, तो अशा तोफा दुरुस्त करत होता आणि त्याचा बाप लाकडातला उस्ताद आहे. तोफ करावी आणि मी तिच्यावर उभा राहून तिचा पराक्रम सांगावा.

मी नाही म्हणणार होतो. पण त्याआधी मला पाटणला जायचं होतं. तीन महिने मी ते उद्यावर ढकलत होतो.

कराडपर्यंत रेल्वे, पुढे कोळशावर चालणारी मोटार. चढ आला की उतारू उतरून ढकलत. दोस्ताचं घर वरच्या आळीला होतं. दारात त्याची बायको सूप घेऊन बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"तुमीच व्हय ते," ती म्हणाली. "आमच्या धन्याला ताल घालाया येत न्हाई असं लिवून देनारं."

मी वहाणा काढून दारातच उभा राहिलो.

"तलाठ्यानं चावडीत वाचलं. पलटनीचा कागद आला तवा. समद्या गावानं ऐकलं. दोन सालं झाली, कुनी तालीला बोलवत न्हाई. म्हनत्यात, ह्याची ताल मिसरात पडली."

त्याच्या पायाकडे बघून मला लाज वाटेल, एवढ्याची तयारी मी करून गेलो होतो. लंगडण्याबद्दल काय बोलायचं, पेन्शनीबद्दल काय बोलायचं, सगळं मोटारीत घोकलं होतं. ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. त्या गावात पाय गेलेला माणूस चालत होता. ताल पडलेला माणूस चालत नव्हता.

तो शेतातून आला. काठी होती, उजवा पाय बाहेरच्या अंगाला फेकत चालायचा. मला पाहून थबकला, मग आला आणि ओट्यावर बसला. मी सगळं सांगितलं. खुर्ची, कागद, फिती.

"मला म्हाईत हाय," तो शेवटी म्हणाला. "दवाखान्यात बाबूनं वाचून दावलं. तुझी सही बी दावली. लय झ्याक हाय."

"मी घाबरलो होतो," मी म्हणालो.

"न्हाई," तो म्हणाला. "गाडी अंगावर आली तवा मी घाबरलो हुतो. तुला बसाया खुर्ची हुती."

मग मी मामलेदारांचं सांगितलं आणि म्हणालो की जाणार नाही. तो विचारात पडला.

"तितं सरकार असतंय?"

"मामलेदार असतील. फौजदार, कारकून."

"लिवून घेत्यात?"

"अहवाल वर पाठवावा लागतो, म्हणजे घेत असतील."

"मंग जा," तो म्हणाला. "कागदानं गेलंय ते कागदानंच याया पायजे. शिक्क्याचा कागद घिऊन ये. तलाठ्याकडून चावडीत वाचून घेतो. माझ्या तोंडाचं कोन ऐकतंय?"

निघायला उठलो तेव्हा त्याने बसवलं. वरच्या खाचराची ताल पावसाने फुगली होती. दोन दिवस मी त्याला दगड उचलून देत होतो. तो बसून रचायचा. एकेक दगड हातात फिरवायचा, त्याचं तोंड शोधायचा. मी दिलेले निम्मे दगड त्याने परत टाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी बोटं सोलली होती, तर म्हणाला, "आता जरा हात हातासारका दिसतोय."

मिरजेला येऊन मी अब्बांना तोफेचं सांगितलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांनी रस घेतला. रणगाड्याच्या जागी बैलगाडी, पेटीसाठी बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री, आणि नळीसाठी तंबोऱ्याच्या दांडीचं तुनाचं लाकूड, आतून कोरलेलं. अब्बा म्हणाले, कोरायचंच तर नीट कोरू, आणि ती नळी इतकी सुबक झाली की फुंकली तर घुमायची. मी त्यांना सांगितलं की खऱ्या तोफेची मान फक्त पंधरा अंश वर जायची. "हे कुणी केलं होतं?" त्यांनी विचारलं. इंग्रजांनी, मी म्हणालो. "माझ्याकडून असलं काम बाहेर जायचं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी अशी खुंटी बसवली की नळी थेट आभाळाकडे होई. बिशप जातीची जगातली एकमेव धडधाकट तोफ मिरजेत आमच्या अंगणात तयार झाली.

सोहळ्याच्या दिवशी दुकानं बंद होती. लोकांनी बहिष्कार घातला होता, आणि तो इतका शिस्तीत की कुत्रीसुद्धा गल्ल्यांतून बसून होती. मिरवणुकीत पोलीस बँड, आमची तोफ, तीन म्हातारे पेन्शनर आणि मास्तरांनी हाकलून आणलेली एक शाळा. पाहायला कुणी नव्हतं, त्यामुळे आम्हीच एकमेकांना पाहत कचेरीपर्यंत गेलो. दोस्त आताच्या एसटी स्टँडाजवळच्या, म्हणजे तेव्हाच्या मोटार अड्ड्याजवळच्या, लिंबाखाली काठी टेकून उभा होता. तोफेवर ये म्हटलं तर म्हणाला, "एकदा खालून बघितलीय, बास."

मामलेदारांचं भाषण झालं. मग मी उभा राहिलो. मी आधी बिशपची स्तुती केली, कारण ती ऐकल्याशिवाय कारकून दौतीत टाक बुडवणार नव्हता. मग म्हणालो की ही तोफ स्वतःच्या बळावर लांब मारू शकत नव्हती. ती आपल्या पाटण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने बांधलेल्या दगडी चढावर उभी राहून मारत होती. एके दिवशी एक चढ ढासळला. तो या शेतकऱ्याचा नव्हता. साहेबाच्या नकाशाचा, पत्र्याच्या डब्यांचा होता. शेतकऱ्याने आधी बजावलं होतं. कागदावर उलटं लिहिलं गेलं, आणि त्या कागदावर सही माझी आहे. ती सही खोटी होती, हे मी सरकारसमोर सांगतो.

फौजदार मामलेदारांकडे बघू लागला. मामलेदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पहिली दोन वाक्यंच ऐकली असावीत. नंतर ते रिकाम्या खुर्च्या मोजत होते.

खरी लढाई पुढे कारकुनाशी झाली. अहवालात त्याने लिहिलं होतं, "एका माजी नाईकाने तोफेचा पराक्रम वर्णन केला." मी म्हणालो, माझं सगळं बोलणं लिहा आणि शिक्का मारून नक्कल द्या. तो म्हणाला, असा प्रघात नाही. मी म्हणालो, मग ती तोफ मी कचेरीच्या दारातून हलवत नाही. दरवाजा अरुंद होता आणि बैल मी सोडून ठेवले होते. दुपारी मामलेदारांना बाहेर जायचं होतं. नक्कल तासाभरात मिळाली, शुद्धलेखनाच्या अकरा-बारा चुका आणि एक ठसठशीत गोल शिक्का यांसह.

कागद घेऊन आम्ही दोघे पाटणला, त्याच्या गावी, गेलो. तलाठ्याने तो चावडीत वाचला. पंधरा-वीस माणसं होती. वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग पडला त्यो कुनाचा?"

"सायबाचा," तलाठी म्हणाला.

"व्हय, मंग पडायचाच," म्हातारा म्हणाला आणि तंबाखू मळू लागला. तेवढ्यावर निकाल लागला. दोस्ताच्या तोंडाकडे मी बघितलं. तो रडला नाही, हसला नाही. चावडीच्या जोत्याचा एक दगड सैल होता, तो काठीने चाचपत होता. आठवड्यात त्याला एका भावकीतून तालीचं बोलावणं आलं.

मी लष्कराला अर्जही केला, की मूळ कागद दुरुस्त करावा. त्याचं उत्तर आलं तोवर इंग्रज जाऊन झेंडा बदलला होता. उत्तरात लिहिलं होतं की ती तुकडी मोडली आहे आणि विलायतेला विचारणा करावी. विलायतेने अजून काही कळवलेलं नाही.

अठ्ठेचाळीस साली दोस्त पायावर शस्त्रक्रिया करून घ्यायला मिरजेत आला आणि महिनाभर आमच्या घरी राहिला. दिवसभर नुसतं बसणं त्याला जमेना. अब्बांनी त्याच्या हातात भोपळा दिला आणि आतून खरवडायला सांगितलं. पाटणचा शेतकरी आणि मिरजेचा कारागीर अंगणात समोरासमोर बसत, दोघांनाही एकमेकांची भाषा निम्मीच कळे आणि तेवढ्यात त्यांचं छान भागे. एकदा मी आत खुंट्या घासत होतो. अब्बांनी त्याला विचारलं, आमचा पोरगा तिकडे कसा होता.

त्याने भोपळ्यातला भुसा झटकला. "हाताचा बरा हाय," म्हणाला. "सहीचा कच्चा."

अब्बांनी मान डोलावली आणि भोपळा उजेडाकडे धरून त्याची साल किती पातळ झाली ते बघू लागले.